दगडी थडग्याचे बुजवलेले तोंड

नोकरीत अवघड प्रकरणे बरीच आली, पण मला आतून हादरवून गेले ते एकच. त्याला आता पुष्कळ दिवस झाले. संबंधित माणसांपैकी काही हयात आहेत, म्हणून कोणाचे नाव लिहीत नाही. गावाचेही नाही.

त्या वेळी मी भिवंडी तालुक्यातल्या एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दापोड्याच्या बाजूने गोदामे वाढत वाढत आमच्या हद्दीपर्यंत आली होती. दुसऱ्या टोकाला अकलोलीची गरम पाण्याची कुंडे. मधे भातशेती, आदिवासी पाडे आणि उघडे माळ. रोजच्या तक्रारीही ठरलेल्या असत. गोदामातून माल गेला, कंटेनरने दुचाकीला उडवले, बांधावरून मारामारी झाली. खून क्वचित.

अशाच एका माळावर ते थडगे होते. काळ्या पाषाणाच्या चार उभ्या शिळा आणि वर झाकणासारखी एक अजस्र आडवी शिळा. नवाश्मयुगातल्या माणसांनी आपली मेलेली माणसे ठेवायला ते बांधले, असे जाणकार सांगत. पाड्यावरचे लोक त्याला 'वडिलांचं घर' म्हणत. ग्रामपंचायतीने ठराव करून ते गावाचा वारसा म्हणून जपले होते. भोवती तारेचे कुंपण, फाटक, माहितीचा फलक. शाळांच्या सहली येत. दरवर्षी एक छोटा कार्यक्रम होई. प्रभारी म्हणून रुजू झालो त्या वर्षी त्या कार्यक्रमात मी दोन शब्द बोललो होतो, नारळही घेतला होता.

हे सगळे उभे केले होते एका माणसाने. सगळे त्यांना मास्तर म्हणत. निवृत्त प्राथमिक शिक्षक, गावातल्या जुन्या आगरी घराण्यातले, बऱ्यापैकी जमीन असलेले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने. आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. थडग्यावर त्यांनी मुलांसाठी एक पुस्तिका लिहिली होती आणि ठाण्यात आले की एखादी प्रत टेबलावर ठेवून जात.

मास्तरांना मी त्याच्याही आधीपासून ओळखत होतो. या प्रकरणाच्या अकरा वर्षे आधी मी याच ठाण्यात उपनिरीक्षक होतो. तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ घरातून निघून गेला होता. तो बेपत्ता असल्याची तक्रार, आमच्या भाषेत 'मिसिंग', मीच नोंदवली होती. भाऊ सापडला नाही. घरात त्याची बायको आणि पाच वर्षांची मुलगी राहिली. मास्तरांचे स्वतःचे लग्न झालेले नव्हते. त्यांनी भावजयीला बहिणीसारखे सांभाळले, पुतणीला शिकवले. गावात त्यांचे नाव निघाले की लोक हात जोडत, त्याला हेही कारण होते.

प्रकरणाची सुरुवात एका बंदोबस्ताच्या पत्राने झाली. पावसाळ्यात वरची शिळा थोडी सरकली होती. विद्यापीठातल्या पुरातत्त्वाच्या एक प्राध्यापक बाई पाहणीला आल्या. त्यांचे म्हणणे असे की आत पाणी साचते आहे, पाया खचतो आहे. थडग्याचे बुजवलेले तोंड उघडून आतली माती काढल्याशिवाय आधार देता येणार नाही. परवानगी मिळाली. पण थडग्याची देखभाल करणाऱ्या गावच्या वारसा समितीचा विरोध होता, म्हणून पोलीस बंदोबस्त हवा होता.

समितीचा विरोध म्हणजे मास्तरांचा विरोध. मी त्यांना बोलावून घेतले.

"मास्तर, तुम्हीच इतकी वर्षं अर्ज करत होतात ना, की तज्ज्ञांनी येऊन बघावं?"

"बघावं म्हणालो साहेब. उकरावं म्हणालो नाही."

"अहो, पण ते पडेल."

"पडलं तर पडू द्या. आतल्यांना हलवू नका."

हे ऐकून मी थबकलो. आयुष्यभर एक वास्तू जपणारा माणूस ती पडू द्या म्हणत होता. पण म्हातारपणी माणसे हट्टी होतात, असे मनाशी म्हणून मी विषय सोडून दिला. संशय घेण्याच्या धंद्यात असूनही काही माणसांवर आपण तो घेत नाही.

त्याच आठवड्यात, बाजारच्या दिवशी, पाड्यावरची एक वारली म्हातारी ठाण्यात आली. बराच वेळ बाहेरच्या बाकावर बसून होती. आमच्या महिला शिपाई तिला आत घेऊन आल्या. ती खबर द्यायला आलीच नव्हती. तिची तक्रार होती.

"साहेब, ते घर उघडणार हाय असं आयकलं. खरं हाय का?"

"विचार चालू आहे. तुमचा विरोध आहे का?"

"माझा कशाला? उघडा लवकर. आमच्या वडलांचं घर हाय ते. पितरांला आमी तिथं तांदूल ठेवायचो. माझी सासू ठेवायची, तिची सासू ठेवायची. खाली दगडाला तोंड व्हतं, माणूस सरपटत आत जाईल येवढं. मास्तराने त्याला शिमीट लावलं. मंग तार लावली. आता आमालाच आत येऊ देत न्हाय."

मी सवयीने विचारले, "कधी लावलं सिमेंट?"

"ज्या साली मास्तराचा भाव गेला ना, त्या साली. गणपती बुडाले, दोन-चार दिसांनी आमी पितरांला गेलो, तं तोंड बंद. शिमीट अजून वलं व्हतं. मी हात लावून बघितला."

तिचा अर्ज लिहून घेतला, अंगठा घेतला, चहा पाजून पाठवले. ती गेल्यावर टेबलाच्या खणातून मास्तरांची पुस्तिका काढली. दुसऱ्याच पानावर त्यांनी लिहिले होते की जनावरे व साप आत शिरू नयेत म्हणून थडग्याचे तोंड 'दिवाळीच्या सुट्टीत' बंद करण्यात आले. वर्ष तेच, भाऊ गेला ते.

म्हातारी म्हणते भाद्रपद, मास्तर लिहितात दिवाळी. दीड महिन्याचा फरक. कोणी म्हणेल, म्हातारीचे चुकले असेल. पण जिला पंचांग वाचता येत नाही, तिचा पितरांचा दिवस चुकत नाही. आणि मास्तर तारखांच्या बाबतीत किती काटेकोर आहेत हे मला माहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यांत, एक जुना हवालदार बरोबर घेऊन मी माळावर गेलो. बुजवलेल्या तोंडावर शेवाळ चढले होते. हवालदाराने शेजारचे गवत दाबले आणि नखाने शेवाळ खरवडायला सुरुवात केली. अगदी खाली, जमिनीलगत, ओल्या सिमेंटमध्ये कोणी बोटाने लिहिलेली अक्षरे निघाली. एक नाव, त्याखाली 'निजामपुरा', म्हणजे भिवंडी शहरातला मोहल्ला, आणि तारीख. गवंडी लोक असे करतात, आपल्या कामावर आपली खूण ठेवतात.

तारीख भाद्रपदातलीच होती.

ठाण्यात परतून मी जुने मिसिंग रजिस्टर काढायला लावले. भाऊ सोमवारी पहाटे बॅग घेऊन सुरतेला गेला, असा मास्तरांचा जबाब. पोहोचल्याचा निरोप नाही म्हणून तक्रार दिली गुरुवारी. सिमेंटवरची तारीख पाहिली, ती मधल्या मंगळवारची होती. रजिस्टरात जबाबाखाली तक्रार घेणाऱ्याची सही. माझी.

 घरातला तरणा माणूस कालच निघून गेलेला, आणि हा गृहस्थ माळावर जाऊन दगडाला सिमेंट लावून घेतो. तेही गावात तीन गवंडी असताना निजामपुऱ्यातून माणूस आणून. का?

हवालदार दोन दिवस निजामपुऱ्याच्या गल्ल्यांतून, गवंड्यांच्या नाक्यावर फिरला आणि त्या माणसाला शोधून घेऊन आला. आता त्याचे वय झाले होते, गुडघे गेले होते, लूमच्या एका कारखान्यात वॉचमनची ड्युटी करत होता. पोलिसांनी बोलावले म्हणून घाबरला होता. मी त्याला बसवले.

"चाचा, तुमच्यावर काही नाही. ते पत्थरवालं काम आठवतं का?"

"याद है साहब. मैंने जिंदगी में कबर का काम वो एकही किया." तो म्हणाला. "मास्तरने खुद अंदर पत्थर भर के रखे थे. मेरेको सिर्फ ऊपर से सिमेंट मारने का था. बोले, जल्दी करो."

"आणखी काही?"

त्याने दाराकडे पाहिले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "अंदर से बदबू आ रही थी साहब. मैंने पूछा. बोले, कुत्ता घुस के मर गया है."

माझ्यामागे उभा असलेला हवालदार नोकरीत केस पिकलेला माणूस. त्याने न सांगताच जबाबाचा कागद पुढे ओढला.

एवढ्यावर कोणाला अटक होत नाही. कुत्रा असूही शकतो. माझ्या मनाला तर तो कुत्राच असावा असे वाटत होते, हे कबूल करतो. मी वरिष्ठांना अहवाल दिला. ठरले असे की थडगे उघडायचेच आहे, तर ते तहसीलदार, न्यायवैद्यक विभागाचे डॉक्टर आणि दोन पंच यांच्या समक्ष उघडायचे. बाहेर कारण सांगायचे ते दुरुस्तीचे.

सकाळी दहाला काम सुरू झाले. गाव जमले होते. मास्तर कुंपणाच्या फाटकाला धरून उभे होते. विरोध केला नाही. त्यांची भावजय बायकांच्या घोळक्यात पुढेच होती, पाहुण्यांना पाणी देत होती. समितीच्या बायका आळीपाळीने थडग्याचा परिसर झाडत, तिची पाळी शनिवारी असे.

सिमेंट फुटले. मागे रचलेले दगड एकेक करून बाहेर आले. प्राध्यापक बाई डोक्याला दिवा लावून पोटावर सरपटत आत गेल्या. आतून त्यांचा आवाज येत होता. मातीचा थर, खापराचे तुकडे, जुनी हाडे, खूप जुनी. आवाजात आनंद होता. लोक कौतुकाने ऐकत होते. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास घेतला.

मग आवाज बंद झाला.

मिनिटभराने त्या उलट्या सरपटत बाहेर आल्या.  सरळ माझ्याजवळ आल्या आणि कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "साहेब, काम थांबवा. यातलं एक आमचं नाही."

"म्हणजे?"

"पँटची चेन आहे. आणि हातात स्टीलचं कडं."

पुढचे तास यांत्रिक गेले. डॉक्टर आत गेले, पंचनामा झाला, फोटो झाले. एकेक वस्तू पिशवीत घालून मोहोरबंद केली. मास्तर फाटकाशी खाली बसले होते. त्यांना उठवायला गेलो तर स्वतःच उठले, शर्ट झटकला आणि गाडीत जाऊन बसले. काय सापडले, हे त्यांनी विचारले नाही. एवढ्या जमावात न विचारणारा माणूस तो एकच होता.

ओळख पटवण्यासाठी ते कडे भावजयीला दाखवणे भाग होते. महिला शिपाई बरोबर होत्या. तिने पिशवी हातात घेतली. कडे फिरवून आतली बाजू पाहिली, तिथे एक खाच होती.  रडली नाही. स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिली.

"मी तिथं झाडलं," ती म्हणाली. "दर शनवारी. साहेब, मी तिथं सावलीला बसून डबा खाल्लाय."

महिला शिपाई उठून बाहेर गेल्या.  

मास्तरांना न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. पहिले दोन दिवस ते थडग्याविषयीच बोलत राहिले. ती माणसे दगड कशी ओढून आणत, मृताबरोबर काय ठेवत. मी बोलू दिले. सराईत गुन्हेगार गप्प बसतो, पण आयुष्यभर शिकवत आलेल्या माणसाला गप्प बसवत नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, "घरी तिला सांगितलंत?"

"सांगितलं."

मग ते सांगू लागले. माळ त्यांच्या घराच्या मालकीचा होता आणि भावाला तो गोदामाला द्यायचा होता. गोदामवाल्याची अट होती, दगड हटवून मोकळी जागा द्या. मास्तरांनी पंचायतीत ठराव मांडायची तयारी चालवली होती. ठराव व्हायच्या आत दगड पाडून टाकावेत म्हणून रविवारी संध्याकाळी भाऊ अनवाणीच पहार घेऊन माळावर गेला. मास्तर मागोमाग गेले.

"मी त्याला मारलं नाही साहेब. पहार हिसकावली आणि ढकललं. त्याचं डोकं शिळेवर आपटलं. संपलं."

डॉक्टरांचा प्राथमिक अभिप्राय माझ्यासमोर होता. कवटीला मागून दोन घाव, वेगवेगळ्या जागी.

"मास्तर, एकदा ढकललेला माणूस दोनदा पडत नाही."

 त्यांचा हात खिशाशी गेला, पण कोठडीत पेन काढून घेतलेले असते.

"दुसऱ्यांदा का मारलंत?"

"तो उठत होता," मास्तर म्हणाले.

त्याच आवाजात ते वर्गात हजेरी घेत असतील. मी खुनी पाहिले होते, दारूच्या नशेतले, रागातले, सुपारी घेतलेले. पण त्या तीन शब्दांनी माझ्या अंगावर जसा काटा आला, तसा त्याआधी कधी आला नव्हता.

बाकीचे त्यांनी सलग सांगितले. अंधार पडायच्या आधी प्रेत आत ढकलले, दगड लावले. मंगळवारी गवंडी आणला. भावजय माहेरी गेली होती; ती परतल्यावर सांगितले की तो सोमवारी पहाटे सुरतेला गेला, आणि त्याची बॅगही यांनीच नाहीशी केली होती. दोन वर्षांनी भावजय खचू लागली, तेव्हा एका ट्रक ड्रायव्हरने त्याला सुरतेत पाहिल्याचा निरोपही यांनीच रचला. "तिला आशा असावी म्हणून," ते म्हणाले. मग ठराव, कुंपण, फलक, पुस्तिका, सहली. मी त्यांना विचारले, हे सगळे फक्त प्रेत झाकायला केले का? त्यावर पहिल्यांदाच त्यांचा आवाज फुटला. "नाही हो. माझं खरंच प्रेम होतं त्याच्यावर." भावावर की थडग्यावर, ते मी विचारले नाही. जबाबात लिहायलाही तशी जागा नव्हती.

त्यांनी नंतर कोर्टात सर्व नाकारले. पण डीएनए मुलीशी जुळला, गवंड्याची साक्ष टिकली, सिमेंटचा तो तुकडा मुद्देमाल म्हणून हजर झाला. जन्मठेप झाली.

गावाचे काय झाले, तेही सांगतो. काहींनी ते दगड पाडा म्हटले. प्राध्यापक बाईंनी वर्षभर खपून जुनी हाडे आणि माती जिथल्या तिथे ठेवली आणि शिळेला आधार दिला. थडगे आजही उभे आहे. तोंड उघडे आहे. पुढच्या पितरांच्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. म्हातारीने वाकून आत तांदळाच्या मुठी ठेवल्या. शेवटी एक मूठ वेगळी ठेवली. कोणासाठी, विचारले तर म्हणाली, "मास्तराच्या भावाला. अकरा वरसं आमच्या वडलांत निजला व्हता ना तो."

आता मी काय शिकलो ते.

दोषारोपपत्र गेल्यानंतर त्यांची भावजय ठाण्यात आली होती. अवशेष मिळण्याचा अर्ज घेऊन. मी स्वतः तिचा अर्ज पुढे पाठवला. जायला उठली आणि दाराशी थांबली.

"साहेब, तवा आमच्या घरी तुमीच आला व्हता ना? मिसिंग लिवायला?"

"हो. मीच."

"वटीवर बसून दादांनी सांगितलं ते लिवून घेतलंत. चा घेतलात. मी आत दाराशी उभी व्हते. मला एक तरी सवाल इचारलात का?"

मी नाही म्हणालो.

"इचारला असता तं सांगितलं असतं, त्याच्या दोनी चपला दारात हायत. सुरतेला काय अनवाणी गेला का? दादांना मी इचारलं व्हतं. ते बोलले, नवीन बूट घेतले त्याने. मी त्यांना खोटं कशी ठरवू? घरात मोठे तेच. पण तुमी इचारलं असतं तं बोलले असते."

ती रागावली नव्हती. नुसते सांगत होती. मला मात्र मान वर करता येईना. अकरा वर्षे ती बाई कपाळाला कुंकू लावून वाट बघत राहिली, आणि ते टाळायला एका प्रश्नाची गरज होती. तो मी विचारला नाही, कारण ओटीवर एक प्रतिष्ठित माणूस बोलत होता आणि त्याचे बोलणे सुसंगत होते.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या ठाण्यात एक नियम होता. हरवलेल्या माणसाची तक्रार कोणीही देवो, घरातल्या बायकांचा जबाब वेगळा घ्यायचा, पुरुष माणसे समोर नसताना. नवीन उपनिरीक्षक कुरकुर करत, वेळ जातो म्हणत. मी त्यांना या बाईंचे एवढेच सांगायचो की ती दाराशीच उभी होती आणि तिला उत्तर माहीत होते.